चौघींची बेताल तबकडी

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, फोन बिघडला. ढोल एकीकडं पळतोय, व्हायोलिन दुसरीकडं, गिटार मधेच थांबून कुणाची तरी वाट बघतंय. दोन बाया एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी ओरडतायत आणि तिसरी मागून त्यांना उत्तर देतीय. शेजारी बसलेला दोस्त म्हणाला, 'साल्या, हे काय लावलंयस? यांना वाजवताच येत नाय.' मी पण मान डोलावली. मग दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा. आठवडाभर लावत राहिलो. आज त्या तबकडीवर लिहायला बसलोय त्याचं कारण गाणं एवढंच नाही. 'यांना येत नाय' हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं कसं, हा प्रश्न मला सोडंना. हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी जन्मभर ऐकलंय. मी ते कधी उचललं?

तबकडीचं नाव 'द रेनकोट्स'. बँडचं नावही तेच. गाव लंडन, साल 1979, गाणी दहा, वाजवणाऱ्या चार बाया. जगात त्या वर्षी लाखांनी विकल्या गेलेल्या तबकड्यांपुढं हिला कुणी विचारलं नाही. काही वर्षांत ती दुकानातूनही गेली. तिचा इतिहास आधी सांगतो. तो सांगितल्याशिवाय तिच्या चुका कळायच्या नाहीत.

1976 साली लंडनमध्ये पंक नावाची भानगड उठली. बेकार पोरं, कला-शाळेतली पोरं, फाटके कपडे, तीन स्वर येत असले तरी पुरे, चढा मंचावर. पण या पंकचं पहिलं वर्ष सरायच्या आतच मोठ्या कंपन्यांनी त्याचा सौदा केला. सेक्स पिस्टल्सना 1976 च्या ऑक्टोबरात ई.एम.आय.नं उचललं. क्लॅश हा बँड 1977 च्या जानेवारीत सी.बी.एस.नं एक लाख पौंडांना घेतला. बंडाची किंमत ठरली, पावती फाडली गेली. हा खेळ आपल्याला नवा नाही.

पण त्याच 1977 साली डेस्परेट बायसिकल्स नावाच्या चार-पाच जणांनी दुसराच हिशेब मांडला. त्यांनी कुणाच्या दारात न जाता स्वतःच 500 तबकड्या काढल्या. खर्च 153 पौंड. दोनच गाणी, आणि तीच दोन गाणी तबकडीच्या दोन्ही बाजूंना. एवढ्यावर न थांबता, हे स्वस्त आहे, सोपं आहे, तुम्हीही करा, असं त्यांनी गाण्यातूनच लोकांना सांगितलं. पुढच्या वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडनं आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर खर्चाचा तपशीलच छापला : मुद्रणाला किती, दाबणीला किती, वेष्टनाला किती. एक लाख पौंडांचं बंड आणि 153 पौंडांचं बंड, यांतलं आपल्या जवळचं कुठलं ते तुम्ही ठरवा.

यांची मासिकंही आपल्यासारखीच. मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या एका कारकुनानं 1976 च्या जुलैत 'स्निफिन ग्लू' काढलं. टंकयंत्रावर बडवलेलं, शीर्षकं जाड पेननं हातानं लिहिलेली, चुकलेला शब्द खोडून तसाच ठेवलेला. आता हे आपलं पान हातात धरा. बोटाला शाई लागली असेल. स्टेन्सिल कापताना माझ्या हातून दोन वेलांट्या गेल्यात, त्या तुम्हाला दिसतीलच. मराठीतही 'शब्द', 'येरू' अशीच सायक्लोस्टाइलवर निघाली. ज्याच्या हातात छापखाना नाही त्याचं अक्षर जगभर सारखंच वाकडं दिसतं.

लंडनच्या नॉटिंग हिल भागात जेफ ट्रॅव्हिस या माणसानं 1976 साली 'रफ ट्रेड' नावाचं तबकड्यांचं दुकान टाकलं. अशी मासिकं, अशा तबकड्या तिथं ठेवल्या जायच्या. 1978 पासून दुकानानं स्वतःच तबकड्या काढायला सुरुवात केली. अट साधी : खर्च वजा जाता जे उरेल ते निम्मं बँडचं, निम्मं रफ ट्रेडचं. मोठ्या कंपनीत बँडला चिल्लर मिळायची, त्या काळातली ही गोष्ट.

हा नॉटिंग हिल भाग कसला होता तेही ऐका. 1958 साली इथंच गोऱ्या टोळ्यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या काळ्या माणसांच्या घरांवर हल्ले केले. 1959 च्या मे महिन्यात केल्सो कॉक्रेन या काळ्या सुताराचा इथंच रस्त्यात खून पडला. 1976 च्या ऑगस्टात काळ्यांच्या कार्निव्हलमध्ये पोलीस घुसले आणि पोरांनी विटांनी उत्तर दिलं. आमची तबकडी निघाली त्याच 1979 च्या 23 एप्रिलला तिकडं साउथहॉलमध्ये, आपल्या पंजाबी कामगारांच्या वस्तीत, नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षानं सभा ठेवली. विरोध करायला आलेल्यांत ब्लेअर पीच हा गोरा शिक्षक होता. तो डोक्यावरच्या माराने मेला. तो मार बहुधा पोलिसाचाच, हे सांगणारा पोलिसांचा स्वतःचा अहवाल बाहेर यायला 2010 साल उजाडलं. एकतीस वर्षं! आपल्याकडच्या चौकशी आयोगांची आठवण झाली असेल तर माझा इलाज नाही.

या वातावरणात 1977 साली हॉर्न्सी कला महाविद्यालयातल्या दोन मुलींनी बँड काढला. जीना बर्च ही नॉटिंगहॅमची. आना दा सिल्वा पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची, सालाझारच्या हुकूमशाहीत वाढलेली. हाच सालाझार, ज्याची सत्ता आपल्या गोव्यावर 1961 पर्यंत होती. या दोघींनी 'द स्लिट्स' हा बायकांचा बँड मंचावर पाहिला आणि त्यांना वाटलं, हे आपल्यालाही करता येईल. जीनानं बास गिटार घेतलं आणि मग ते वाजवायला शिकली. आधी शिक मग घे, हा क्रम तिनं उलटा केला. नोव्हेंबर 1977 मध्ये टॅबरनॅकल या जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. सुरुवातीला बँडमध्ये पुरुषही होते. ते येत गेले, जात गेले.

मग आली पामोलिव्ह. खरं नाव पालोमा रोमेरो. स्पेनची, म्हणजे तीही एका हुकूमशहाच्या, फ्रँकोच्या, सावलीत वाढलेली. 'पालोमा' गोऱ्या जिभेला जमेना, म्हणून क्लॅशमधल्या एकानं साबणाचं नाव ठेवलं, आणि पोरीनं तेच मिरवलं. हिला नावं ठेवायची जगाची रीत माहीत असावी. ती स्लिट्सची ढोलवाली, तिथून बाहेर पडून इकडं आली. चौथी व्हिकी अ‍ॅस्पिनॉल, व्हायोलिनवाली. ती शास्त्रशुद्ध शिकलेली. कॅमडेनच्या कम्पेंडियम या पुस्तकाच्या दुकानात एक चिठ्ठी लागली होती, शैली नको, ताकद हवी, अशा अर्थाची. ती वाचून व्हिकी आली.

इथं जरा थांबतो. कॅमडेनच्या त्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर 10, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. लंडनला शिकताना 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथं राहिले. 2015 साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. या चौघींना ते घर माहीत असण्याचं कारण नाही. पण मला ते डोक्यातून जात नाही आणि पुढं त्याचं काम पडणार आहे.

आता तबकडीच्या आत शिरू. बेरी स्ट्रीट स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. देखरेख जेफ ट्रॅव्हिस, अमेरिकेचा मेयो थॉम्प्सन आणि खुद्द त्या चौघींची. ती बेताल वाटते त्याचं एक कारण मला उशिरा सापडलं. पाश्चात्त्य ढोलांच्या संचात हाय-हॅट म्हणून झांजांची जोडी असते. पायानं मिटते, उघडते, टिक टिक टिक असा काळ मोजत राहते. आपल्या गायनपार्टीत टाळ जे करतो तेच. बाकीच्यांनी डोळे मिटले तरी टाळ त्यांना हरवू देत नाही. पामोलिव्ह या झांजांना फारसा हातच लावत नाही. ती खोल आवाजाचे ढोल बडवते, तेही सरळ ठेक्यात नाही, गाण्याच्या पाठोपाठ, बोलल्यासारखं. म्हणजे काळ मोजणारा पोलीसच तिनं काढून टाकला. मग गाणं एकत्र ठेवायचं कुणी? चौघींनी, एकमेकींचं ऐकून. म्हणून गती वाढते, मंदावते, कुणी पुढं जाते, बाकीच्या धावत तिला गाठतात. 'लोला' हे किंक्स या बँडचं 1970 चं प्रसिद्ध गाणं त्यांनी घेतलंय. ते ऐका, म्हणजे ही धावाधाव कळेल. पुरुषानं गायलेलं ते गाणं : क्लबात एक बाई भेटते, ती बाई की बाप्या हे त्याला उमगत नाही. आता ते बायका गाताहेत, सर्वनामं न बदलता. कोण कुणाला भुललंय याचा पत्ताच लागत नाही. सुबक वाजवलं असतं तर ही गंमत पांगुळली असती.

व्हिकीचं व्हायोलिन तर बघाच. हिला सूर लावता येतो, शिकलेली आहे. तरी ती खरवडते, एकाच स्वरावर घोंगावत राहते, खिळ्यानं पत्रा ओरबाडावा तशी. न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडमध्ये व्हायोला असा घोंगावायचा, ते यांच्या कानात होतंच. शिकलेली बाई न शिकलेल्या बाईच्या बाजूला उभी राहून वाजवते आणि तिला झाकत नाही. हे मला फार मोठं वाटतं. आपल्यातली शिकलेली माणसं सभेत काय करतात? आधीच्या वक्त्याची भाषा सुधारून सांगतात.

एक तुलना करून बघा. 'अ‍ॅडव्हेंचर्स क्लोज टू होम' हे गाणं पामोलिव्हनं रचलेलं. 1979 मध्येच ते दोन तबकड्यांवर आलं. स्लिट्सच्या 'कट'वर ते आहे, पण पामोलिव्ह तिथून गेलेली, म्हणजे तिचंच गाणं तिच्याविना. त्याची निर्मिती डेनिस बोव्हेल या बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या रेगेच्या जाणकारानं केली. काय सफाई! प्रत्येक आवाजाला जागा, मधे हवा खेळतीय. रेनकोट्सचं तेच गाणं म्हणजे भरलेल्या लोकलमधून उतरायची धडपड. बोव्हेलचं काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही, ते फारच चांगलं आहे. पण ते ऐकताना मी बसून असतो. हे ऐकताना उठतो.

तिसरं गाणं 'ऑफ ड्यूटी ट्रिप'. त्यामागं बलात्काराचा खटला आहे, आरोपी सैनिक. 1977 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयानं अशा एका सैनिकाला सोडून दिलं, त्याची सैन्यातली कारकीर्द चांगली आहे, ती वाया जाऊ नये म्हणून. बाईचं आयुष्य हिशेबात नव्हतं. तिकडच्या स्त्रिया यावर रस्त्यावर आल्या. हे वाचताना मला देसाईगंजचं पोलीस ठाणं आठवतं. 1972 साली तिथं एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. नागपूरच्या खंडपीठानं शिक्षा दिली आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नाही, असा तर्क! त्याविरुद्ध कायद्याच्या चार प्राध्यापकांचं उघडं पत्र 1979 च्या सप्टेंबरचं. रेनकोट्सची तबकडी नोव्हेंबरची. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण असल्या निकालावरचं गाणं सुरेल, तालात, गोड गळ्यानं कसं गायचं? त्या चौघींचा आवाज इथं चिरकतो, एकमेकींवर आदळतो. याला चूक म्हणणाऱ्यानं मला बरोबर म्हणजे कसं ते गाऊन दाखवावं.

समीक्षकांनी काय केलं? एका संगीत साप्ताहिकात सुरुवातीच्या कार्यक्रमाबद्दल छापून आलं, त्याचा मतलब असा की हॉटेलात वेटरच्या हातून ट्रे पडला तर त्या आवाजावरही आता नाचावं लागेल. हसून झालं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच काळात पुरुषांचे कितीतरी बँड तीन स्वरांत, घसरत घसरत वाजवत होते. त्यांच्या घसरण्याला जोश म्हणायचे, यांच्या घसरण्याला अडाणीपणा.

आता आपल्याकडं बघा. हलगी आणि सनई वाजवणाऱ्या मातंगाच्या पोराला ताल शिकवायची कुणाची छाती नाही. आमच्या वस्तीतला ढोलकीवाला या चौघींना दहा मिनिटांत गार करील, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्याला मांडवाबाहेर बसवलं, त्याच्या कलेला 'वाजंत्री' म्हटलं, आणि आत जे बसले त्यांच्या कलेला संगीत. म्हणजे कौशल्य नव्हतं म्हणून आपल्याला बाहेर ठेवलं ही थाप आहे. कौशल्य असूनही चूक आपलीच ठरली. चूक कुठली हे वाजवणाऱ्यावरून ठरतं, वाजवण्यावरून नाही.

इतिहासाचा पुढचा भाग. तबकडी झाली आणि पामोलिव्हनं बँड सोडला. कुठं गेली? भारतात! मनःशांतीच्या, अध्यात्माच्या शोधात. वाचून मी डोक्याला हात लावला. बाई, ज्या देशात माणसाला पाणवठ्यावर चढायला सत्याग्रह करावा लागला तिथं तू शांती शोधायला आलीस! अर्थात तिला कुणी हा भारत दाखवलाच नसणार. पुढं ती ख्रिस्ती झाली. रेनकोट्सनी आणखी दोन तबकड्या काढल्या आणि 1984 मध्ये बँड मोडला. पहिली तबकडी मिळेनाशी झाली.

1992 साली अमेरिकेतल्या निर्वाणा या बँडचा कर्ट कोबेन, त्या घडीचा जगातला सर्वांत गाजलेला गायक, आपली झिजलेली प्रत बदलायला लंडनची दुकानं शोधत हिंडला. शोधता शोधता तो आनापर्यंत पोचला. ती एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करत होती. जिच्या तबकडीसाठी हा माणूस वेडा झालाय ती बाई जुनी कपाटं विकत होती. तिनं नंतर त्याला प्रत पाठवली. त्यानं ही हकीकत आपल्या तबकडीसोबत छापली, आणि 1993 साली 'द रेनकोट्स' पुन्हा निघाली. 1994 मध्ये निर्वाणाबरोबर त्यांचा दौरा ठरला होता. 5 एप्रिलला कोबेननं आत्महत्या केली.

तेव्हापासून वारं फिरलं. ज्यांना ट्रे पडल्याचा आवाज ऐकू यायचा त्यांच्या वारसांना त्यात मोहकपणा ऐकू यायला लागला. काय गोड चुका! किती निरागस! 2023 साली लंडनच्या टेट ब्रिटन या बड्या कलासंग्रहालयात स्त्रीविद्रोहावर प्रदर्शन लागलं. जीना बर्चनं विद्यार्थिनी असताना 1977 साली स्वतःची फिल्म काढली होती, तीन मिनिटं नुसती किंकाळी. त्या प्रदर्शनाच्या जाहिरातीवर किंचाळणारी जीनाच होती. तिला हा मान मिळाला याचा मला आनंद आहे, त्याच वर्षी तिनं सत्तरीच्या उंबऱ्यावर पहिली एकटीची तबकडीही काढली. पण 'गोड चुका' या शब्दाची मला भीती वाटते. आधी म्हणायचं, हे साहित्यच नाही. मग म्हणायचं, वा, किती अस्सल, किती रांगडं, अनुभवाचा दाहक निखारा! दोन्ही वेळा खुर्ची त्याचीच, उभे आपण. रांगडं म्हणून कौतुक झालेला आपला कवी दुसऱ्या संग्रहात मुद्दाम रांगडा लिहू लागतो, शिव्या मोजून घालतो, हे मी पाहिलंय. नाव सांगत नाही. तुम्हीही पाहिलंय. चुकीलाच बाजारात भाव आला की ती चूक राहत नाही, माल होतो.

आणि या चौघींबद्दलही डोळे मिटून बोलायला नको. त्या गोऱ्या होत्या, कला-शाळेत गेलेल्या. त्या काळी लंडनमध्ये रिकाम्या पडक्या घरांत घुसून राहता यायचं, बेकारभत्ता मिळायचा. जीनाही अशाच घरात राहायची. ते दारिद्र्य काही अंशी निवडलेलं होतं. आपलं कुणी निवडलं? ज्याच्या मागं कॉलेज आहे त्याला अडखळणं परवडतं. आपल्या पोरानं मुलाखतीत एक शब्द अडखळत उच्चारला की त्याची जात काढली जाते. म्हणून, 'त्यांनी चुका केल्या, आपणही करूया, शिकायचं कशाला' असा अर्थ कुणी काढणार असेल तर त्यानं हा अंक परत द्यावा. त्या चौघी तालमी करत होत्या. पुन्हा पुन्हा, खूप. चुका राहिल्या त्या तालीम करूनही राहिल्या, आणि काही त्यांनी मुद्दाम ठेवल्या.

किंग हेन्रीज रोडचं काम आता पडतं. 1922 च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठात 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो आहे तसा घेतला नाही, पुन्हा लिहायला सांगितलं. ब्रिटिश राजवटीवरची टीका त्यांना झोंबली होती, असं चरित्रकार सांगतात. बाबासाहेबांनी मांडणी पुन्हा केली, निष्कर्ष बदलले नाहीत, आणि 1923 मध्ये पदवी घेतली. यात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही मला एकदम हव्यात. पुन्हा लिहायची तयारी, आणि कुठली ओळ म्हणजे चूक आणि कुठली ओळ म्हणजे आपलं म्हणणं, हे स्वतः ओळखायची अक्कल. माझ्यात दुसरी अजून कमी आहे. नाहीतर पहिल्याच दिवशी मान डोलावली नसती.

दोस्त अजून म्हणतो, यांना येत नाय. त्याला मी दहाही गाणी सलग ऐकवलेली नाहीत. येत्या रविवारी अभ्यासवर्गानंतर बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत लावणार आहे. स्पीकर कुणीतरी आणा, माझ्या फोनचा आवाज पुरत नाही. गायनपार्टीतल्या पोरांनी ढोलकी आणि टाळ घेऊन यावं. 'लोला'बरोबर ठेका धरून बघू, किती वेळ टिकतो ते.